तेलगावचा कौल

माझ्या कोकरानं त्याची खळ खाल्ली आणि भांडण माझ्या गळ्यात पडलं.

चौसाळ्याचा बाजार होता. शिमगा नुकताच होऊन गेलेला, ऊन चटके देत होतं. आबा लोकरीचं गाठोडं घेऊन पुढं गेले, आणि मी लिंबाच्या सावलीला जरा टेकले. शेजारी परातीत पिठल्यासारखं काहीतरी घट्ट, तपकिरी ठेवलं होतं. मला काय ठाऊक ते कशाचं! काखेतलं कोकरू सुटलं, टुणटुण गेलं, आणि तोंड घातलं की हो त्यात कानापर्यंत!

"ए... ए! हाड! अगं, खळ खाल्ली की त्यानं!"

हातात कुंचा घेतलेला एक उंच पोरगा धावत आला. त्याचे हात कोपरापर्यंत त्याच चिकट लापशीनं माखलेले. चिंचोके शिजवून ही खळ करतात आणि घोंगडीला चोळतात, मग घोंगडी ताठ होते. आम्ही डोंगरातले धनगर, लोकर विकणारे. विणणाऱ्यांच्या गोष्टी आम्हाला कुठून कळणार?

"तुझं कोकरू हाय?"

"न्हाई, भाऊ हाय माझा," मी फटकन बोलले. भ्याले की माझी जीभ अशीच सुटते.

"तरीच. तोंडावळा सारखा दिसतुया."

"त्याची आतडी ताठ व्हतील का आता?" मला खरंच धडकी भरली होती.

"झाली तर झाली. घोंगडी म्हनून इकू त्याला." तो खाली बसला, आणि आपल्या धोतराच्या सोग्यानं कोकराचं तोंड पुसायला लागला. हळू, जपून... "नाव काय?"

"कडू."

"कोकराचं न्हाई, तुझं इचारलं."

"माझंच सांगितलं. माझ्या आधीची दोन लेकरं गेली. कडू नाव आसलं की यम तोंडात घेतो आन् थुकून टाकतो, म्हनं."

तो हसला. "बरं झालं सांगितलंस. मीबी जपून ऱ्हाईन."

माझे कान तापले. तेवढ्यात शेजारच्या घरातून त्याची आई आली, सारजाबाई, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. "आधी पानी पी पोरी, भांडन मागनं कर," म्हणाल्या. कोण, कुठली, कुणाची, काही विचारलं नाही. तांब्या रिकामा झाल्यावर विचारलं.

आबा परत आले तेव्हा त्यानं हात जोडले. "रामराम, मामा."

मामा! काका नव्हे, बाबा नव्हे, मामा. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अगं बायांनो, काकाची लेक बहीण लागते. मामाची लेक काय लागते, ते आमच्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मी खाली मान घालून कोकराचे कान चोळत बसले. आबांच्या काही ध्यानात आलं असेल असं वाटलं नाही.

आम्ही चौसाळ्यात कशाला आलो होतो, तेही सांगते. पावसाळा सरता सरता मोगलाईत मानमोडीची साथ आली. ताप यायचा, मान पडायची, तिसऱ्या दिवशी माणूस संपायचं. डोंगरात आमची अकरा घरांची वाडी, त्यातली तीन उरली. आई गेली त्या दिवशी वाडीत उभी राहू शकतील अशी तीनच गडीमाणसं होती. आबा, माझा चुलता म्हाळूकाका आणि शेजारचा एक म्हातारा. चौथा खांदा नव्हता. सकाळपासून दुपारपर्यंत वाट पाहिली, डोंगराखालून कुणी येतंय का म्हणून. कुणी आलं नाही. शेवटी चौथा खांदा मी दिला. आपल्याच आईला.

त्या दिवशी आबांनी ठरवलं, वाडी सोडायची. पाडव्याच्या आत मोठ्या गावात बिऱ्हाड मांडायचं.

पण गाव कोणतं? आबांची रीत अशी की गावात मेंढरं घेऊन जायचं, कुणाच्या तरी रानात चार-आठ दिवस बसवायची. रानाला खत होतं, शेतकरी त्याबद्दल ज्वारी घालतो, आणि तेवढ्या दिवसांत गाव कसं आहे ते कळतं. मांजरसुंब्याला पाच दिवस बसलो. आबांचं मन लागलं नाही. "समदी वाटसरू मानसं. आज हायती, उद्या न्हाईत," म्हणाले. म्हणून चौसाळा. गहिनीनाथ नावाच्या शेतकऱ्याच्या रानात आमचा मेंढरांचा वाडा पडला, आणि मी दिवस मोजायला लागले.

आता तो रोज यायचा. लोकर न्यायला. मी एकदा विचारलंच, "एका घोंगडीला लोकर लागती तरी किती?"

"लई लागती."

"कालची पुरली न्हाई?"

"जराशी कमी पडली..."

"कुठं?"

"मधोमध," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजून दुसरीकडं बघायला लागला. बोलायचं धाडस करायचं आणि मग कानापर्यंत लाल व्हायचं, असला तो गडी.

एका दुपारी मी त्याच्या अंगणात लोकर घेऊन गेले होते, आणि आभाळ एकदम काळवंडलं. अवकाळी! सारजाबाई ओढ्यावर गेलेल्या. अंगणात खळ लावलेली घोंगडी वाळत पसरलेली. पाणी लागलं की खळ धुवून जाणार, आठ दिवसांची मेहनत मातीत.

"धर, धर, तिकडचं टोक धर!"

मी दोन टोकं धरली, त्यानं दोन. घडी घालायला तो दोन पावलं पुढं आला, मी दोन पावलं पुढं आले. टोकाला टोक लागलं. त्याची बोटं माझ्या बोटांवर... आणि ती काही निघेनात. टपोरे थेंब पडायला लागले तरी आम्ही तसेच उभे.

"बोटं चिकटली," तो पुटपुटला. "खळीनं."

"खळ वाळलीया कवाच," मी म्हटलं. पण हात काढला नाही.

"कडू... हितंच ऱ्हावा की. सांग ना मामाला."

"बापाला गाव सांगायला लेकीला तोंड आसतं व्हय?"

"तुला तर दोन हायती. मला तरी तसंच वाटतंय."

मी घोंगडी त्याच्या अंगावर टाकली आणि पळत सुटले. हसत पळत होते, पण रानात पोचेपर्यंत हसू पार आटून गेलं. आबांनी चौसाळ्याचं नाव अजून एकदाही काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेलगावच्या सुंदररावांचा निरोप आला. मोठे जमीनदार, आबांची त्यांची जुनी ओळख. आबांनी डोक्याला पटका गुंडाळला. "बघतो, कौल काय मिळतुया," म्हणाले आणि निघाले.

चार दिवस झाले. माझा घास उतरेना. भाकरी करायला बसले तर तव्यावर करपायची. म्हाळूकाका म्हणायचा, "कावून गं, नजर कुठं लागलीया?" मी म्हणायची, वाटेकडं. खोटं तरी कुठं होतं?

पाचव्या दिवशी तेलगावकडून आलेला रामकिसन गाडीवान बैल न थांबवताच ओरडला, "म्हाळू, तुझ्या भावाला तेलगावचा कौल मिळाला बे! मागनं येतुया त्यो!"

माझ्या हातातली घागर सुटली. कौल मिळाला! आमच्यात कौल म्हणजे बिरोबाचा. देवाच्या अंगाला फूल चिकटवायचं, मनातलं विचारायचं, उजवीकडं पडलं तर होय, डावीकडं पडलं तर नाही. आणि एकदा देव बोलला की माणसानं तोंड उघडायचं नाही. बापाची समजूत घालता येते, चुलत्याची घालता येते. देवाची कोण घालणार?

मी तशीच ओल्या लुगड्यानं त्याच्याकडं गेले. तो मागावर बसला होता. माग कसला, जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं.

"देवानं तेलगाव दिलं," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

त्यानं हातातला धागा खाली ठेवला. मग म्हणाला, "तेलगावात घोंगड्या कुनी इनतंय का?"

"मला काय ठावं! आन् तुला कावून पायजे?"

"खड्डा काय उचलून नेता येत न्हाई. पर दुसरा खांदता येतो."

"येडा का खुळा तू? आईला काय सांगशील?"

"आईच परवा म्हनली," तो मान खाली घालून म्हणाला. "म्हनली, लोकर आनायला एवढा हेलपाटा घालतुयास, त्यापरीस तिकडंच जाऊन ऱ्हा."

मी रडत होते, त्यातच हसले. पण हसणं टिकलं नाही. त्याचं घर, त्याचा माग, त्याचे शेजारी, आईचं आख्खं आयुष्य इथं. माझ्यापायी तो हे सगळं सोडणार? आणि सारजाबाई? मला ते सोसेना. रानात परतताना मनात एकच होतं. आज देवाशी भांडायचं.

आबा आले होते. तट्टावर सामान लादायला लागले होते.

"आबा, देवाला परत इचारा."

"आं?"

"फूल चुकून डाव्या-उजव्याला पडलं आसंल. परत लावा. मी उपास धरते, काय सांगाल ते करते, पर परत इचारा!"

आबा माझ्याकडं बघतच राहिले. "कुठलं फूल? म्या देवाकडं गेलोच न्हाई, कडू." त्यांनी पटक्यातून एक घडी घातलेला कागद काढला. वर उर्दूची अक्षरं, खाली काळी मोहर. "ह्यो कौल. सरकारचा. सुंदररावांनी तहसिलीत शबूद टाकला. पडीक जमीन कसायची, पाच सालं सारा माफ. ह्यालाबी कौलच म्हनत्यात."

कागद! देव नव्हे, कागद! मी तिथंच खाली बसले. आणि मग ध्यानात आलं की जे बोलायचं नव्हतं ते मी बोलून बसले होते. आता मागं फिरून काय उपयोग?

"ती जमीन गावात हाय?"

"गावात कशी आसंल? दीड कोस. वढ्याच्या पल्याड."

"शेजारी कोन?"

आबा तट्टाचा दोर आवळायला लागले.

"म्हंजी परत वाडीच की, आबा."

"जमीन हाय, पोरी," आबा म्हणाले. "आपल्या सात पिढ्यांत कुनाला मिळाली न्हाई. आपल्या मालकीची व्हईल. तुला कळतंय का?"

कळत होतं. आबांनी जन्मभर दुसऱ्याच्या रानात वाडा टाकला होता. त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी धरला होता, आणि मी तो सोडायला सांगत होते. मला स्वतःची लाज वाटली. तरीही बोलले.

"आई सकाळपास्नं दुपारपतूर जमिनीवरच व्हती, आबा. जमीन व्हती. उचलायला मानूस न्हवतं."

आबा मटकन खाली बसले. मग म्हणाले, "आन् चौसाळ्यात कोन हाय आपलं?"

सारजाबाईंचं नाव सांगता आलं असतं. गहिनीनाथाचं सांगता आलं असतं. मी त्याचं सांगितलं. नुसतं नाव, डोळे मिटून, आपल्या बापासमोर.

डोळे उघडले तर आबा मिशी चोळत होते. "पयल्या दिसापास्नं मामा म्हनतुया मला," ते म्हणाले. "मला वाटलं, पोराला वळन चांगलं हाय." आणि कागद परत पटक्यात खोचून उठले.

होय म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. पहाटे उठून पुन्हा तेलगावची वाट धरली. सुंदरराव समजूत घालतील, तहसीलदार रागावेल, आबांचा जीव त्या काळ्या मातीवर येईल... पाच दिवस मी काय काय मनात आणलं म्हणून सांगू! तो लोकर न्यायला यायचा आणि लोकर न घेताच जायचा.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आबा आले. पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. पटका सोडून त्यांनी झटकला. आत कागद नव्हता.

"गहिनीनाथाच्या बांधाला खोपट घालूया," म्हणाले. "आन् ती सारजाबाई कुठं ऱ्हाती, मला दाव. पानी पाजती का बघू."

वैशाखात लग्न झालं. वरात दारात आली आणि गल्लीतल्या बायकांनी उंबरा अडवला. छबुबाई, मनकर्णा, केशरबाई, झाडून सगळ्या. "नाव घे! नाव घेतल्याबिगर आत सोडायचं न्हाई!" मी आठ दिवस पाठ केलेला उखाणा साफ विसरले. बायका टाळ्या पिटतात, आणि तो शेजारी उभा राहून गालातल्या गालात हसतोय.

मागून आबांचा आवाज आला, "आता गं कावून लाजतीस? माझ्याम्होरं तर बेधडक घेतलंतंस!"

सगळी गल्ली हसली. मी मान वर केली. यमक नाही, उखाणा नाही.

"शहादेव," मी म्हटलं.

सारजाबाईंनी बायकांना बाजूला सारलं. "एवढं पुरं झालं," म्हणाल्या. "ये आत."