टाकीच्या तोंडाशी

बसा. तो मोबाइल आधी खाली ठेव, नाहीतर मी उठतो. ही कुठली ऐकीव थाप नाही. आमच्या मोटार मिस्त्रीच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि त्या माणसाला खोटं बोलणं कधी जमलंच नाही. दोन वाक्यांत पकडला जायचा बिचारा.

मार्चमधला शुक्रवार, अमावास्येची रात्र. संध्याकाळी मिस्त्री हातभर रबरी नळी आणायला स्पेअर पार्टच्या दुकानात गेला होता. दुकानदार म्हणाला, "अजून त्या खटाऱ्याच्याच मागे आहेस का?" मिस्त्री नुसता हसला. त्याच्याकडे फक्त सकाळपर्यंतचा वेळ होता.

तो खटारा म्हणजे मिस्त्रीच्या बापाच्या वयाची मोटार. त्याच्या एकुलत्या एका पोरीने हट्ट करून भंगारातून उचलून आणलेली. पोरगी कॉलेज सुटलं की शेडमध्ये बापाबरोबर राबायची, आणि त्याला चिडवायला 'मालक' म्हणायची. गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि गेली. मोटार तशीच अर्धवट, शेडमध्ये धूळ खात पडली. शेवटी मिस्त्रीची बायको म्हणाली, "ती दिसली की माझा घास अडतो हो. उद्या सकाळी भंगारवाल्याला बोलावलंय."

"आणि सुरू झाली तर?"

"झाली तर राहू दे. पण होणार नाही, तुम्हालाही माहीत आहे."

पोरीच्या हातची तेवढीच एक वस्तू उरली होती. तिचे तुकडे होऊ नयेत, एवढंच त्याला हवं होतं.

जेवणं झाल्यावर तो शेडमध्ये शिरला. इंजिन लागायचं, जरा चालायचं, आचके द्यायचं, बंद. पेट्रोल पोचत नव्हतं हे उघड होतं. त्याने कार्बोरेटर सोडवून साफ केला. पंपाला बाटलीतून पेट्रोल पाजून बघितलं, तर पंप ठणठणीत. पंपाजवळची रबरी नळी बदलली, तरी पहिले पाढे पंचावन्न. म्हणजे घोडं पेंड खात होतं ते मागे, टाकीपासून येणाऱ्या लांब नळीत.

ती नळी साफ करायची त्या बापलेकीची एक पद्धत होती. मशीनची हवा मारली तर इतकी जुनी नळी फाटायची. म्हणून तो पुढून तोंडाने फुंकायचा, आणि पोरगी मागे टाकीच्या उघड्या तोंडाला कान लावून बसायची. हवा मध्येच एखाद्या सांध्यातून निसटली, तर तिला काही ऐकू यायचं नाही. टाकीपर्यंत पोचली, तर आत बुडबुडे. मग ती सांगायची, "आलं, मालक."

आता मागे कान कोण लावणार? बायकोने तर त्या शेडमध्ये पाऊल टाकणंच सोडलं होतं. त्याने टाकीचं झाकण काढून ठेवलं, पुढे आला, वाकला आणि फुंकलं. गच्च. पुन्हा फुंकलं. धाप लागली. आणखी एकदा जोर लावला, तेव्हा काहीतरी सुटल्यासारखं वाटलं...

"आलं, मालक."

हळू. मागून.

मिस्त्री हलला नाही. वर उघडं बोनेट. पलीकडचं काही दिसेना. नळी ओठांतच राहिली.

घाबरला का म्हणून काय विचारतोस? घाबरणारच. पण तो उठून मागे गेला नाही. गेलो, आणि तिथे कोणी नसलं तर... या भीतीपुढे ती पहिली भीती काहीच नव्हती.

नळी मोकळी झाली होती. काम संपलं होतं. तरी त्याने पुन्हा फुंकलं.

"आलं."

पुन्हा.

"...आलं."

बाप रडत होता आणि फुंकत होता. तोंडात पेट्रोलची कडू चव. दरवेळी आवाज बारीक होत होता. लांब जात होता.

मग पुन्हा एकदा फुंकलं.

...

थांबला. वाट बघितली.

"पोरी," तो म्हणाला, "दमलीस का गं?"

काही नाही.

उजाडायच्या बेताला त्याने नळी जोडली. इंजिन लागलं, आणि लागून राहिलं. आचका नाही, काही नाही. त्या आवाजाने बायको बाहेर आली. बराच वेळ दारात उभी राहून ऐकत होती. मग किती महिन्यांनी शेडच्या आत आली, आणि मोटारीला हात न लावता तिच्याभोवती फिरली. रात्रीचं त्याने तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

मागे गेली ती तिथेच थांबली.

टाकीच्या तोंडाशेजारी पत्र्यावर धुळीचा जाड थर होता. त्या धुळीत एका गालाचा ठसा होता, एका कानाचा. आणि भोवती, खाली ओघळलेल्या, बारीक बारीक रेघा.

मिस्त्री फडकं घेऊन पुढे झाला, तसा तिने त्याचा हात धरला. दुसऱ्या हाताचं बोट त्या रेघांवरून फिरवलं, धुळीला न टेकवता.

"किती कानीकपाळी ओरडले," ती म्हणाली. "अजून केस बांधत नाही."