बॉनेटचा लळा

इचलकरंजीच्या मागांवर आता मोटारी विणल्या जात होत्या. म्हणजे कार्बनच्या काळ्या धाग्याचं कापड मागावरून उतरायचं, साच्यात बसायचं, राळ पिऊन कडक व्हायचं आणि त्याचं कुणाच्या तरी गाडीचं दार व्हायचं. भरतेश मगदूमच्या नारिंगी स्पोर्ट्स कारचं बॉनेट असंच झालं होतं. कापड त्याच्या वडिलांनी विणलेल्या शेवटच्या ताग्यातलं. वडील गेले, माग विकले, तागा तेवढा उरला आणि तो बॉनेटपुरताच पुरला. दुसरं होणार नव्हतं.

आणि ते बॉनेट आता मोतीबिंदू उतरावा तसं पांढुरकं होत चाललं होतं.

"मी काय कमी केलंय सांगा," भरतेश म्हणाला. समोर डॉ. सई पारसनीस होत्या. ही राळ त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाली होती, त्यामुळे तक्रार घेऊन लोक थेट त्यांच्याकडे यायचे. "दोन बादल्या ठेवतो, एक साबणाची, एक खळबळायची. गाळलेलं पाणी. बॉनेटचं फडकं चाकाला लावत नाही. हातमोज्याशिवाय बोट टेकवलेलं नाही. पोरगीला तर जवळ फिरकू देत नाही."

"त्या फडक्यांना वेगळं कपाट आहे," त्याची बायको पद्मजा म्हणाली. "माझ्या साड्या खुर्चीवर असतात."

"हातमोजे?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. उगाच घामाचे डाग नकोत."

 डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. कार्बनचा धागा दणकट, त्याला काही होत नाही. खराब होते ती त्याला धरून ठेवणारी राळ. उन्हानं पिवळी पडते, ढगाळते, मग कापडाचे थर सुटतात. म्हणून त्यांनी स्वतःचे ओरखडे स्वतः भरणारी राळ काढली. पण एक अडचण आली. ती राळ कशालाही उत्तर द्यायला लागली. ऊन लागलं की भरायची, खडा लागला की भरायची, कावळा बसला तरी भरायची. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं दार भरून भरून पोटासारखं पुढं आलं. तेव्हा राळेला एक माणूस नेमून द्यायचं ठरलं. पहिल्या महिन्यात जो उघडा हात रोज लागेल, त्याची ऊब, घाम आणि दाब ती ओळखून ठेवते. पुढे त्याच हाताने कुरवाळलं तरच दुरुस्ती सुरू होते. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक होतं. लोक तिला लळाराळ म्हणायचे.

"म्हणजे माझ्या बॉनेटला कुणाचाच लळा नाही?"

"तसं असतं तर ते आतापर्यंत गेलंच असतं. बघू या."

गाडीवरून उतरवून आणलेल्या बॉनेटवर त्यांनी जांभळा दिवा धरला. राळेच्या पोटात एक पंजा उजळला. मोठा, रुंद, आणि तर्जनी अर्ध्यावर तुटलेली.

पद्मजानं तोंडाला पदर लावला. भरतेश खुर्चीत बसला.

"ओळखीचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"धनपालअण्णा उपाध्ये," भरतेश म्हणाला. "शेजारी. बोट मागात गेलंय. सांडपाण्याच्या नळावरनं आमचं त्यांचं बोलणं बंद आहे. वडिलांच्या वेळेपासनं."

उलगडा सोपा होता. भरतेश रोज सकाळी गाडीवरचं कव्हर काढून, तिला जरा वारा लागू दे म्हणून, आंघोळीला जायचा. त्याच वेळी धनपालअण्णा बस्तीतल्या तीर्थंकरांचं दर्शन घेऊन अनवाणी परतायचे आणि तळव्याला रुतलेले खडे काढायला बॉनेटवर हात टेकून एका पायावर उभे राहायचे. रोज. निवांत. तेवढ्या टेकण्यावर बॉनेट तग धरून होतं, पण नीट भरून यायला ते पुरत नव्हतं.

"पुसून टाका तो पंजा," भरतेश म्हणाला. "मी हातमोजे काढतो. माझा लळा लावा."

"तापवून विसरायला लावता येते. पण एकदाच. दुसऱ्यांदा तापवली तर थर सुटतील, वडिलांचं कापडही जाईल. आधी तुमचा हात तपासून घेऊ." त्यांनी लळाराळेची एक कोरी वडी त्याला दिली. "घरी न्या. रोज उघड्या हाताने कुरवाळा."

भरतेशनं मनापासून कुरवाळली. सकाळ-संध्याकाळ, हात धुऊन. बाकी वेळ वडी फ्रिजवर ठेवलेली असायची. महिन्यानं दिवा धरला तेव्हा वडीत पंजा नव्हता.

"लळा लागलाय," डॉक्टर म्हणाल्या. "फ्रिजचा."

"काय म्हणता?"

"एकसारखी ऊब. हलकी थरथर."

"अहो, पण मी रोज हात फिरवत होतो की."

"दाबाची नोंद आहे इथे. तुमचा हात फिरत नाही, थांबतो. पुढे जातो, थांबतो, नखानं खरवडतो, मागे येतो. राळेला प्रेम वगैरे कळत नाही, मगदूम. तिला एवढंच कळतं की हा हात खोट शोधतोय. खडा लागला की ती आखडते, तशी तुमच्या हातानं आखडली."

"आणि फ्रिज?"

"फ्रिज काही शोधत नाही."

पद्मजा हसली नाही. भरतेशनं तिच्याकडे बघितलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती.

त्या संध्याकाळी तो धनपालअण्णांच्या दारात उभा राहिला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःचा हात उलटसुलट करून पाहिला.

"तुझ्या बापाच्या कापडाला माझा हात लागतो म्हणतोस?"

"व्हय."

"मरू दे तिकडं तो नळ. येतो रोज. च्या पिईन तुमच्यात."

अण्णा यायला लागले. बॉनेटला रेलून चहा प्यायचे, बशी त्यावरच ठेवायचे. भरतेश आतून बघायचा आणि हाताची घडी घट्ट करायचा. थोड्याच दिवसांत पांढुरका पडदा गेला. काळं कापड, वडिलांनी घातलेली तिरपी वीण, सगळं वर आलं.

ते बघून भरतेश घरात आला. त्याची दहा वर्षांची पोरगी आर्जवी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. तो तिच्या मागे उभा राहिला. तळहात शर्टाला पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. नुसताच. हात हलू द्यायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

आर्जवीचा ब्रश थांबला. खांदे वर आले.

"काय लागलंय का केसांना?"

"काही नाही."

"मग काय बघताय?"

 शहाण्या मुलीसारखं तिनं डोकं उजेडाकडे वळवलं, त्याला नीट दिसावं म्हणून.