जुई उठत नाही

जुई उठत नव्हती.

अनुपमाने आधी तिचे तळवे चोळले. मग कानाशी हाक मारली, हळूच. मग ओरडून. नऊ महिन्यांचं ते अंग तिच्या हातांवर ओल्या पंच्यासारखं लोंबत राहिलं. भिंतीपलीकडे, चर्चच्या अल्तारासमोर, अजून टाळ्या वाजत होत्या. तिच्याच भजनाला.

मुलुंडच्या त्या जुन्या चर्चमध्ये रविवारी संध्याकाळी भक्तिसंगीताची सभा होती. आधी चर्चच्या गायकवृंदाची मराठी गीतं, सहाच्या घंटेनंतर अनुपमाचा भूप आणि दोन भजनं. अल्तारामागच्या खोलीत गोधडीवर जुई निजली, म्हणून ती निश्चिंत होऊन गायला बसली होती. पंचवीस मिनिटं. दिवाळीत घाटकोपरच्या समाजमंदिरात जुईने रडून आकांत केला, तेव्हा तानपुरा टाकून मधेच उठावं लागलं होतं, मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलंही होतं. आज पोर कशी शहाण्यासारखी झोपली, असं तिला गाताना वाटून गेलं होतं. तिने जुईला खांद्यावर टाकलं.

गल्ली ओलांडली की समोरच डॉ. भीमराज जाधवांचं नर्सिंग होम. ती अनवाणीच धावली.

डॉक्टरांनी जुईची पापणी वर करून बॅटरी मारली. "बाहुल्या बघा. टाचणीच्या टोकाएवढ्या. श्वासही फार सावकाश चाललाय. हिला काय दिलंत?"

"काही नाही! दूधसुद्धा घेतलं नाही तिने."

"काहीतरी पोटात गेलंय. अफू असेल, किंवा झोपेची गोळी. अफूवरचा उतारा माझ्याकडे आहे. पण झोपेची गोळी असेल आणि मी ते इंजेक्शन दिलं, तर आहे तो श्वासही बंद पडेल. नक्की काय ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"मोठ्या हॉस्पिटलात नेलं तर?"

"गाडी मागवलीय. पण वाटेत श्वास थांबला तर? कोणी दिलं ते शोधा. अर्धा तास धरा फार तर."

अनुपमाने जुईच्या छातीवर हात ठेवला आणि श्वास मोजू लागली. एक. मग बराच वेळ काहीच नाही. दोन.

"तू इथेच बस. मोजत राहा," मागून कोणीतरी म्हणालं.

विमला गावडे. श्रोत्यांतून धावत आली होती. घाटकोपर स्टेशनसमोर टंकलेखनाच्या क्लासच्या वरच्या मजल्यावर तिचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं. हरवलेली माणसं, पळालेले नवरे, असलीच कामं. बुटकी, चष्मेवाली, बोलताना समोरच्याचे हात बघणारी. गाण्याची हौस तिला नव्हती, ती तिच्या नवऱ्याला. धोंडिराम गावडे मागे धापा टाकत उभे होते.

"अहो, परत जा आणि त्या खोलीतलं सगळं उचलून आणा. बाटली, लाळेरं, टेबलावरचं सगळं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. आणि त्या खोलीत ज्यांचं जाणं-येणं होतं, त्यांनाही."

पाच मिनिटांत बाहेरच्या खोलीत चौघं जमली. मधलं दार उघडंच होतं. अनुपमाला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. हात मात्र जुईच्या छातीवरून हलत नव्हता.

पहिली लता. अनुपमाला ऐन वेळी गाता आलं नाही, तर तिच्या जागी लता गाणार, असं ठरलेलं. तिच्या पर्समधून खोकल्याच्या औषधाची बाटली डोकावत होती.

"काय बघताय? मी काय पोरीला विष घालणार?" लता तडकली. "घसा बसलाय माझा. तिच्या जागी मी आज गाणार तरी कशी? मला गायचं असतं तर मी हिचा घसा बसवला असता, बाळाचं काय घेऊन बसलात!"

"औषध कुठल्या रंगाचं?"

"लालभडक. हे बघा, बुचसुद्धा चिकटलंय."

"सहाची घंटा झाली तेव्हा कुठे होतीस?"

"गायकवृंदात, पहिल्या ओळीत, नुसते ओठ हलवत. सगळ्यांनी बघितलंय."

मग ऑर्गन वाजवणारे परेरा. साठीचे, एकटे राहणारे. कोणी विचारायच्या आधीच त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली.

"झोपेच्या आहेत. दोन कमी आहेत, त्या मी काल आणि परवा घेतल्या. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? पण मी पाच वाजल्यापासून ऑर्गनवरून उठलेलो नाही, बाई."

विमलाने एक गोळी चिमटीत धरून पाहिली. पांढरीशुभ्र. तिने ती परत ठेवली.

तिसऱ्या शांताबाई. चर्चच्या हॉलची झाडलोट आणि चहापाणी त्यांच्याकडे. जुईवर लक्ष ठेवायला त्यांनाच सांगितलं होतं. त्या पदराने डोळे पुसत होत्या.

"सव्वापाचला अंगणात चहा द्यायला गेले. आले तर बाळ झोपलेलं. नंतर सहाला घंटा ओढायला गेले, घंटावाला गावी गेलाय म्हणून. पाच मिनिटं, ताई. चहाला गेले तेव्हा, आणि ही पाच मिनिटं, तेवढंच खोलीत कोणी नव्हतं."

"कोणी नव्हतं म्हणे!" कोपऱ्यातून आवाज आला. अनुपमाच्या सासूबाई, सुगंधाबाई. ठेवणीतलं हिरवं लुगडं, डोळे तारवटलेले. "सांभाळायला दिलं तर असं सांभाळतात? अगो, एवढी घंटा डोक्यावर वाजली तरी पोर हललं नाय, तेव्हाच कळायला हवं होतं! मी गिरणीत वाइंडिंग खात्यात आठ-आठ तास उभी राहून पोरं वाढवली. एकानं चूं केलं नाय कधी."

"आजी, तुम्ही गेला होतात आत?" विमलाने विचारलं.

"मी खंय जातंय? पहिल्या बाकावर होते. विचारा तुमच्या घोवाला, बाजूलाच होता."

धोंडिराम दोन्ही हातांत भलाथोरला ट्रे घेऊन दारात अडकले होते. कपबश्या खणखणत होत्या. "हो हो, बाजूलाच होत्या. दर दोन मिनिटांनी मला कोपराने ढोसत होत्या. 'आता माझी सून गाणार हां!' गुलाबी साडीवाल्या बाईलासुद्धा सांगून झालं."

अनुपमाने चमकून वर पाहिलं. सासूबाई? घरी तर रियाजाला बसलं की कांजूरमार्गच्या त्या दोन खोल्यांत भांड्यांची आदळआपट सुरू व्हायची. पण विचार पुरा व्हायच्या आत तिचा आकडा चुकला. मघाशी मिनिटाला बारा होते. आता दहा.

"डॉक्टर!"

"बघतोय. विमलाबाई, लवकर."

विमला ट्रेवर वाकली होती. दुधाची बाटली उचलून उजेडात धरली. अनुपमाने साडेचारला भरली तशीच, काठोकाठ. मधाची बरणी. गायकांच्या घशासाठी ठेवलेली.

"हा मध कोणी कोणी खाल्ला?"

"सगळ्यांनीच," लता म्हणाली. "मी तर तीनदा चाटला."

लाळेऱ्यावर मधाचा चिकट पट्टा होता, त्यात तपकिरी रेघ. विमलाने बोट लावून जिभेवर टेकवलं आणि तोंड वाकडं केलं. मग ती एकेक बशी उलटी करून बघू लागली.

"अगं, बश्यांच्या पाठी काय बघतेस?" धोंडिराम म्हणाले. "खालून धुतात का कोणी!"

"म्हणूनच बघतेय. अहो, घंटा झाली तेव्हा सगळे उभे राहिले ना? आजीही?"

"उभे राहिले म्हणजे काय! त्यांची पिशवी माझ्या पायात पडली. मीच उचलून बाकावर ठेवली."

"हातात का नाही दिलीत?"

"कोणाच्या? त्या तर तेव्हा..." धोंडिराम म्हणाले, आणि तोंड उघडंच राहिलं.

विमलाने सहावी बशी हातात धरली. तिच्या तळाच्या खरखरीत कडेवर तपकिरी वर्तुळ वाळलं होतं.

"डॉक्टर, सुई भरा. अफू आहे."

"खात्री? चुकलात तर..."

"भरता भरता ऐका." विमलाचा आवाज चढला नव्हता. "दूध काठोकाठ आहे, म्हणजे दुधातून काही गेलं नाही. लताचं औषध लाल, परेरांची गोळी पांढरी. बाळाच्या लाळेऱ्यावर तपकिरी रेघ आहे, आणि मधात असून ती कडू आहे. मध सगळ्यांनी खाल्ला आणि सगळे धडधाकट आहेत, म्हणजे बरणीत काही नव्हतं. बोटावरच्या मधात होतं."

"कोणाच्या बोटावरच्या?" लताने विचारलं.

"ते या बशीने सांगितलं. तुला बाळाला गोळी द्यायची असती तर तू काय केलं असतंस?"

"चमच्यात चुरली असती."

"परेरांनीही तेच केलं असतं. पण ही गोळी उगाळली आहे. सहाण नव्हती, तर बशीच्या पाठीवर, पाण्याचा थेंब घालून. गुटी उगाळून पोरं वाढवलेला हात आहे हा."

सगळ्यांच्या नजरा शांताबाईंकडे वळल्या. त्या भिंतीला टेकल्या. "माझी पण तीन पोरं आहेत, ताई, पण देवाशप्पथ..."

"तुम्ही नाही. तुम्ही सहाला घंटेच्या दोरीपाशी होतात. लता आणि परेरा सगळ्यांच्या नजरेसमोर होते. अनुपमा तानपुरा लावत होती. मग घंटा वाजली तरी बाळ हललं नाही, हे पाहिलं कोणी? ते फक्त एका माणसाला माहीत आहे, आणि मघाशी ते आपल्यासमोर बोलून गेलंय."

सुगंधाबाईंनी पदराची गाठ मुठीत धरली.

"आपण सगळे विचार करत होतो, अनुपमाचं गाणं कोणाला मोडायचं होतं. मी उलटं विचारलं. आज ते मोडू नये म्हणून कोण धडपडत होतं? गिरणीत आठ-आठ तास पोरं चूं करत नसत, आजी. का करत नसत?"

"बाळागोळी," सुगंधाबाई कुजबुजल्या. "सगळ्याच बाया देत होत्या. खात्यात पोर रडलं तर मुकादम हाकलून देई. लालबागच्या म्हाताऱ्याकडून आणल्या मी परवा. अफूची असते ती. दिवाळीत लोक हसले हिला, अनुला. मागे बसून ऐकलं मी. म्हटलं, आज माझ्या सुनेला कोणी हसायचं नाय."

"किती दिली?" डॉक्टर ओरडले.

"एक. अख्खी. सव्वापाचला. घंटेला बघायला गेले तर... भिऊन गेले. मग तोंडच उघडेना."

सुई जुईच्या मांडीत शिरली. अनुपमाने डोळे मिटले नाहीत. ती मोजत राहिली. एक. दोन. किती वेळ गेला कोण जाणे. तीन आणि चार जवळजवळ आले. मग जुईचं कपाळ आक्रसलं, ओठ वाकडे झाले, आणि तिने जो भोंगा पसरला, तो गल्लीपलीकडे ऐकू गेला असेल.

"रडू दे," डॉक्टर म्हणाले आणि स्टुलावर बसले. "गप्प करू नका. इंजेक्शनचा असर उतरला की परत झोपेल, तेव्हा रात्रभर इथेच ठेवू. पण आता वाचली."

अनुपमाला रडू आलं नाही. तिला सासूबाईंच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी त्यांचं ते हिरवं लुगडं बघवत नव्हतं. जुईला छातीशी घट्ट धरून ती दारात आली.

"उरलेल्या गोळ्या कुठे आहेत?"

सुगंधाबाईंनी पदराची गाठ सोडली. तळव्यावर मोहरीहून थोडी मोठी, काळपट गोळी. एकच.

"म्हाताऱ्याने किती दिल्या होत्या?" विमलाने विचारलं.

"चार."

"एक जुईला. एक ही. आणि दोन?"

"जयाला दिल्या. खाली राहते ती. तिचा मुलगा तिला झोपू देत नाय म्हणून."

जयाचं बाळ तीन महिन्यांचं होतं.

टेबलावरच्या फोनवर अनुपमाने एका हाताने नंबर फिरवला. दुसऱ्या हातावर जुई टाहो फोडत होती. चाळीखालच्या लवूच्या पिठाच्या गिरणीत घंटी वाजली, वाजत राहिली. शेवटी लवूने उचलला. "जयाला बोलाव, धावत जा," एवढंच ती म्हणाली. मग पट्ट्याचा घरघराट, दूरवर मारलेल्या हाका, आणि बराच वेळ नुसताच घरघराट.

"हॅलो? काय गं वहिनी? काय झालं?"

"आईंनी दिलेल्या गोळ्या. बाळाला दिल्यास?"

"अजून नाही गं. आता दिवा लावून झाला की उगाळणारच होते. का? गुण येतो म्हणाल्या काकू."

अनुपमा काही बोलणार, तोच सुगंधाबाईंनी पुढे होऊन तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"जया, मी बोलतंय. फेक त्या गोळ्या. संडासात टाक, आणि हात धू." पलीकडून जया काहीतरी म्हणाली. "नाय गो, गुण नाय येत. माझी शालन त्यानं गेली. पाच महिन्यांची होती. मी ताप म्हणून सांगितलं सगळ्यांना."

त्या घरात येऊन अनुपमाला चार वर्षं झाली होती, आणि शालन हे नाव तिने कधीच ऐकलं नव्हतं.