सगळे कॅन एकत्र ओतल्यावर

बायको गेल्याचं त्याला कारखान्यातच कळलं. मेहुणा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून यानं हातातली काचकांडी खाली ठेवली. सातवा महिना होता. आधी पोटातलं बाळ गेलं, पाठोपाठ ती. "बाळ वेगळं काढायचं का?" डॉक्टरांनी विचारलं. तो नको म्हणाला. दोघांना एकत्रच निरोप दिला.

कारखान्यात गरोदर बायकांच्या लघवीतून औषधासाठी संप्रेरक काढत. पोटातल्या जिवाला परकं समजून आईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडू नयेत, म्हणून त्यांना गप्प ठेवण्यात या संप्रेरकाचाही हात असतो. पण त्याच्यासोबत लघवीत आईच्या रक्तगटाची खूणही उतरते. म्हणून इथे फक्त ओ गटाच्या बायकांचे लघवीचे कॅन घेत. बायको बी गटाची. "आमचंच तेवढं नासकं का हो?" ती हसून विचारायची.

संप्रेरकाची तयार पावडर तो पांढऱ्या टाइलवर तपासायचा. बी गटाच्या रक्ताच्या थेंबात बीविरोधी सीरम घातलं की गुठळ्या धरतात. सीरममध्ये तो आधी पावडर मिसळायचा. तिच्यात बी उतरलेलं असेल, तर सीरम तिच्यातच अडकतं आणि थेंब तसाच राहतो, लाल, सपाट.

कामावर परतल्यावर पहिल्याच पावडरीनं थेंब सपाट ठेवला.

"कॅन चुकला असेल," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "घरी बसा हो अजून थोडे दिवस. काम कुठे पळून जातंय?"

त्यानं सीरम बदललं. काचसामान उकळलं. एकेक कॅन वेगळा तपासला. प्रत्येकात गुठळ्या धरल्या. सगळे ओ, सगळे स्वच्छ.

एकत्र ओतले की बी.

ती पावडर त्यानं पांढऱ्या पेशींवर घालून पाहिली. शेजारी परक्या पेशी सोडल्या, तरी पांढऱ्या पेशी हलल्या नाहीत. मॅडम बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या.

"कुणाला जपतायत या?" त्या पुटपुटल्या आणि उठून गेल्या.

माल वाया जात राहिला. मालक कावले. त्याला मात्र टाइल पुढे ओढताना रोज एकच धास्ती वाटे. आज गुठळ्या धरल्या तर? त्या दोघांचं दुसरं काहीच त्याच्यापाशी उरलं नव्हतं.

तिचा नववा महिना भरला.

त्या सकाळी गुठळ्या धरल्या.

"हुश्श, सुटलो एकदाचे!" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, आईच्या अंगातून हे संप्रेरक कधी जातं?"

"बाळंत झाली की. तुम्हाला माहीत नाही का?"

"आणि आई मेली तर?"

"तर तेव्हाच थांबणार."

"तेव्हा थांबलं नाही," तो म्हणाला.

मॅडमनी टाइल नळाखाली धरली.

ती बाळंत झाली, एवढं त्याला कळतं. कुठे, ते कुणाला विचारावं हे कळत नाही. बाळाला आणायला अजून कोणीही गेलेलं नाही.