मुलींच्या बाजूचे दिवे

चहाच्या टपरीवर तो आपणहून तिच्याशी बोलायला आला, तेही तिचीच तक्रार घेऊन.

"तुम्ही पण अभ्यासिकेतल्याच ना, ताई? मग सांगा... ही उत्कर्षा कोण?"

उत्कर्षाने कपातून वर पाहिलं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या मंडळाच्या अभ्यासिकेची किल्ली सांभाळणारा अनीश समोर उभा होता. केम गावचा, उंच, जानेवारीच्या थंडीत कानाला मफलर गुंडाळलेला. दिवाळीपासून ती रोज त्याच्या समोरून ये-जा करत होती.

"का हो? काय केलं तिनं?"

"इन्स्टावर लिहिलंय. मुलांना रात्री अकरापर्यंत मुभा, आणि मुलींच्या बाजूचे दिवे सातलाच घालवतात. इथवर ठीक. पुढं बघा की..." त्याने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "'दिवे घालवणारा मुलगा आमच्याकडे न बघता छताकडे बघतो. जणू नियम तिथंच लिहिलाय.' सकाळपासून पोरं मला छत दाखवतायत."

"मग, बघत नाही छताकडे?"

"बघतो की. मुलींकडं बघावं का मग?"

"एकदा बघितलं असतं, तर आज कोण उत्कर्षा म्हणून विचारत फिरावं लागलं नसतं."

तो थांबला. मग घाईने घोट घेतला, आणि जीभ चांगलीच भाजली. "म्हणजे... तुम्ही?"

"मीच. आणि ताई म्हणू नका."

खरं तर तो निरोप घेऊन निघाला होता. मंडळाचे अध्यक्ष महेश्वरदादा भडकले होते. पोस्ट गावभर फिरली, पेठेची अब्रू गेली, असं त्यांचं म्हणणं. रविवारच्या बैठकीआधी पोस्ट काढून माफी लिहायची, नाहीतर उत्कर्षाची जागा रद्द. ती राहायची त्या आत्याच्या घरात पुस्तक उघडायलाही कोपरा नव्हता. जागा गेली की परीक्षा तोंडावर असताना मंगळवेढ्याला वडिलांकडे, आप्पांकडे परत, एवढं साधं गणित होतं.

"काढणार?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा टपरीवर. तिसऱ्या दिवशीही.

"एकच शब्द बदला. दिवे 'घालवतात' नको, दिवे 'जातात' करा. सोलापुरात दिवे जातातच की."

ती खुदकन हसली. "निरोप्या आहात की वकील?"

"तुमच्याकडून वकील, दादांकडून निरोप्या."

"राग नाही आला माझा?"

"लई आला होता. मग रात्री परत वाचलं..." तो कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "माझ्याबद्दल खरं असं कुणी कधी लिहिलंच नव्हतं."

त्या संध्याकाळी सातला तो बटणापाशी आला, आणि त्याची नजर छताकडे गेली नाही. पिशवी भरायला उत्कर्षाने उगाच वेळ लावला. वही ठेवली, काढली, परत ठेवली. त्याचं बोट बटणावर तसंच. बाकीच्या मुलींनी एकमेकींना कोपरं मारली. शेवटी तीच म्हणाली, "घालवा आता." अंधार झाला, पण दोघांनाही पाय उचलवेनात.

रविवारी खुर्च्या मांडून मंडळी बसली. उत्कर्षा उभीच होती.

"पोरी, बसायला जागा दिली, आणि तू आमचीच गोष्ट चव्हाट्यावर नेतेस?" महेश्वरदादा म्हणाले. "आम्हाला येऊन सांगायचं."

"दोनदा सांगितलं, दादा. तुम्ही 'बघू' म्हणालात. पोस्टमधलं एक वाक्य खोटं आहे असं दाखवा, आत्ता काढते."

"खोटंच हाय. मुली आपणहून घरी जातात. काय रे अनीश?"

सगळे अनीशकडे वळले. उत्कर्षाने नजर खाली घातली. दिवाबत्तीच्या बदल्यात तो इथंच झोपायचा, कपाटामागे त्याची वळकटी होती, हे तिला ठाऊक होतं. त्याने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं... ती रागावणार नव्हती. निदान तसं तिने मनाला बजावलं होतं.

"नाही दादा," अनीश म्हणाला. "मी दिवे घालवतो, म्हणून जातात."

मग सगळ्यांत थोरले सोमलिंगअण्णा खाकरले. "महेश्वर, पोस्ट काढून लोक इसरायचे न्हाईत. दिवेच चालू ठेव की. मग ती पोस्ट आपोआप जुनी हुती."

कुणीतरी हसलं आणि बैठकीतला ताठा उतरला. मुलींना नऊपर्यंत परवानगी मिळाली. जागा राहिली, पोस्टही राहिली. पण दादांनी अनीशपुढे हात पसरला. "किल्ली दे. इथंच राहून आमच्यावरच उलटणारा माणूस नको."

थोड्या वेळाने अनीश वळकटी खांद्यावर टाकून, हातात बादली घेऊन बाहेर आला. उत्कर्षा पायरीवर फोनवर बोलत होती. तिने फोन ठेवला आणि त्याच्या हातातली बादली काढून घेतली.

"माझ्यामुळं झालं."

"मी बोललो, म्हणून झालं. गाववाल्याच्या खोलीत एक कोपरा आहे." दोघं चालू लागली. "आता हेही लिहिणार असाल."

"काय?"

"हेच... की मला तुम्ही—"

"मी काय?"

"तुम्हीच लिहा की. तुम्हाला चांगलं जमतं."

"ते तुमचं म्हणणं आहे, अनीश. मी कशी लिहू? तुमच्या तोंडानं म्हणा."

त्याने वळकटी खाली ठेवली. भर गल्ली, समोर चहावाला, दारात निवडण-टिपण करणाऱ्या बायका.

"उत्कर्षा, मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. चहावाल्याच्या हातातलं गाळणं वरच राहिलं.

उत्कर्षाचे कान तापले. तिने बादली या हातातून त्या हातात घेतली.

"मघाशी आप्पांना फोन केला होता," ती म्हणाली. "बैठकीतलं सगळं सांगितलं. ते विचारत होते, पोरगा हुरडा खातो का?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं... पुढच्या रविवारी घेऊनच येते."