वाचतो की वाचते

मी धाराशिवच्या स्टँडवर बसलो

— बसले —

होते. जानेवारीत पडायला नको असला बारीक पाऊस पडत होता. उमरग्याची गाडी अजून लागली नव्हती. मांडीवर वाचनालयाचं पुस्तक होतं, कव्हर गेलेलं. सवयीनं मी शेवटचं पान आधी उघडलं.

शेवटचं पान नव्हतं. कुणीतरी फाडून नेलेलं.

"चला," शेजारून आवाज आला. "आता पहिल्यापासनं वाचावं लागणार तुम्हाला."

"हसताय तुम्ही."

"हसत न्हाय. नशीबवान म्हणायलोय. म्या तर शेवटचं पान वाचतच न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी ठेवतो तसंच. तेवढं एक पान ऱ्हायलं की पुस्तक आपल्यापाशी ऱ्हातंय. संपलं की गेलं."

"आणि गोष्टीत पुढं काय झालं ते?"

"होऊ दे की काय व्हायचं ते. आपण नसताना."

आता मी मान वर केली. कपाळावर ओले केस, काखेत खताच्या कंपनीचं गुंडाळलेलं कॅलेंडर, आणि डोळ्यांत… डोळ्यांत काय होतं ते मला नीट सांगता येत नाही, कारण त्या क्षणी मी डोळे पाहतच नव्हते. मी आवाज ऐकत होते. हा आवाज मी सहा महिने, रोज, उशीपाशी फोन ठेवून ऐकलेला होता; तो शंका बोलून पाठवायचा, मी टाइप करून.

दिग्विजय. परंड्याचा. शेवटचं पान न वाचणारा, आमच्या ग्रुपमधला एकुलता एक माणूस.

पानावर एक थेंब पडला. मी फुंकर मारून तो सुकवला. तेवढ्यात गाडी लागली.

"येते," मी म्हणाले, आणि पळाले.

*

*पान:* १ ते १४
*वेळ:* पाऊण तास. त्यातली वीस मिनिटं खिडकीतून बाहेर.
*शंका:* माणूस शेजारी बसलेला असताना ओळख न दाखवणं, हे खोटं बोलणं झालं का?

(पाठवली नाही.)

*

आमच्या ग्रुपचं नावच 'पाऊण तास'. रोज पाऊण तास वाचायचं आणि तीन गोष्टी टाकायच्या: पान कुठून कुठपर्यंत, वेळ किती, आणि एक शंका. शंका नसेल तर वाचलंच नाही असं धरतात. कळंबचे गुरुलिंग सर, निवृत्त मुख्याध्यापक, हे ॲडमिन. एकशे सदतीस माणसं. त्यांतली शिवा मी.

आता गोंधळ कुठं झाला ते सांगतो.

सांगते.

आमचं मुरूम कर्नाटकाच्या अंगाला. घरात कानडी, दारात मराठी. कानडीत मी आलो आणि मी आले याला एकच शब्द. म्हणून आमच्याकडच्या बायका मराठीतही 'मी आलो, मी जेवलो' असंच म्हणतात. आई म्हणते, आत्या म्हणते. मी बी.एड.ला धाराशिवला आलो तोवर मला यात काही वेगळं आहे हेच माहीत नव्हतं. पहिल्याच पाठाला वर्गात म्हणालो, "मुलांनो, आता मी कविता वाचतो." मागचा बाक हसला. मॅडमनी माझ्या वहीत लाल शाईनं लिहिलं, 'क्रियापद तपासा.'

तेव्हापासून बाहेर मी जपून बोलते. येते, जाते, वाचते. घरात पाय टाकला की येतो, जातो, वाचतो.

ग्रुपमध्ये मी घरातून गेलो. गोधडीत बसून. नाव घरातलंच लावलं, शिवा. फोटो दारातल्या कडुलिंबाचा. लिहिलं, 'मी शेवटचं पान आधी वाचतो.' चौथ्या दिवशी दिग्विजयनं उत्तर दिलं, 'शिवा भावा, नाद केलास.'

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी टाइप केलंही, 'मी मुलगी आहे.' पण याआधीच्या एका ग्रुपात मी मुलगी होते, आणि दोन दिवसांत अकरा जणांनी 'जेवण झालं का' विचारलं होतं. इथं माझ्या जेवणाचं कुणाला पडलेलं नव्हतं. इथं विचारत, पान एकशे बारावर तो म्हातारा खोटं का बोलला? आणि मी सांगितलेलं ऐकत.

मी ते वाक्य पुसलं. भाऊ राहिलो.

*

स्टँडवरून घरी पोचलो नाही तोच फोन वाजला.

दिग्विजय: शिवा, हायस का?

मी: हाय. बोल.

दिग्विजय: आज एक पोरगी भेटली स्टँडवर. शेवटचं पान आधी वाचणारी. तुझ्यासारखीच येडी.

मी: मग?

दिग्विजय: मग काय. दुकानात आल्यापासनं दोघांनी युरिया मागितला तर डीएपी दिलंय. बाप बघायलाय माझ्याकडं.

मी: नाव काय तिचं?

दिग्विजय: तेच विचारायचं ऱ्हायलं ना राव. उमरग्याच्या गाडीत बसली. तुझ्याकडचीच हाय. शोध की.

मी: दिसायला कशी?

हे मी विचारायला नको होतं. तो टाइप करू लागला. थांबला. पुन्हा करू लागला. पुन्हा थांबला. मी गोधडीत मांडी घालून, श्वास धरून, स्वतःचं वर्णन यायची वाट बघत बसलो.

दिग्विजय: सांगता येईना. पानावर थेंब पडला, तर तिनं फुंकर मारली. लेकराच्या डोळ्यात काही गेल्यावर मारतात तशी.

मी पुस्तक उघडून बघितलं. शेवटी उरलेलं पान थोडं चुरगळलं होतं.

दिग्विजय: पण एक हाय. बोलती लई जपून. बातम्या दिल्यासारखी. तुझ्यासारखी मोकळी बोलली असती ना, म्या माझी गाडीच सोडली असती.

आता यात मी काय समजायचं? त्याला ती आवडली होती, पण बोलणं माझं हवं होतं. माझं बोलणं आवडत होतं, पण मी भाऊ होतो. आणि मला… मला तिचा राग आला. ओल्या ओढणीत बसून फुंकरा मारणारी. सहा महिने त्याच्या शंका मी सोडवल्या, आणि ही दहा मिनिटांत पुढं गेली.

मी: सोड रे. असल्या पोरी पुस्तक नुसतं मांडीवर ठेवतात.

दिग्विजय: न्हाय. फुंकर खोटी नसती, शिवा.

*

*पान:* १४ ते १४
*वेळ:* मोजला नाही.
*शंका:* स्वतःचा मत्सर वाटला तर कुणाकडं बघून तोंड फिरवायचं?

(पाठवली नाही.)

*

बुधवारी गुरुलिंग सरांनी जाहीर केलं, येत्या रविवारी भेट. तेरला, तेरणेच्या काठी. डबा आपापला, पुस्तक आपापलं.

दिग्विजयनं लगेच मला वेगळा मेसेज केला. 'शिवा, येच. सहा महिन्यांची एक मिठी उधार हाय. आणि तिच्यासाठी एक वस्तू आणायलोय. तू उमरग्यात शोधून दे तिला.'

नाही गेलो तर शिवा उरेल. भाऊ म्हणून, कायमचा. गेले, तर कदाचित दोघंही जातील — शिवाही आणि तीही. कुणाला फसवल्यासारखं वाटलं म्हणजे माणूस आधी बोलणं थांबवतो. आणि त्याच्या बोलण्याशिवाय माझा दिवस… असू दे.

शनिवारी घरी नीलम्मा आत्या ज्वारी पाखडत बसली होती.

"आत्या, तू कधी 'मी जाते' म्हणालीस?"

"जाते?" तिनं सूप थांबवलं. "न्हाय बा. कोण म्हणतंय असं?"

"शाळेत म्हणतात. बाईनं जाते म्हणायचं, गड्यानं जातो."

"मग माघारी आल्यावर वळखत न्हाईत व्हय, कोण गेलतं ते?" तिनं पुन्हा सूप हलवलं. "कुठं जायलास?"

"तेरला."

"मग जा की. इचारायलीस कशाला."

जायलास. इचारायलीस. आत्याला दोन्ही एका दमात जमत होतं.

*

एकशे सदतीसपैकी अकरा आले होते. लिंबाखाली सतरंजी. मला बघताच दिग्विजय उभा राहिला, त्याच्या मांडीवरचा डबा घरंगळला.

"तुम्ही? तुम्ही बी आपल्या ग्रुपात हाईत व्हय?"

मी मान हलवली. तोंड उघडलं तर कुठलं क्रियापद बाहेर पडेल याची खात्री नव्हती.

"बसा, बसा. माझा एक दोस्त यायलाय. शिवा म्हणून." त्यानं आवाज खाली आणला. "त्याला समदं ठाऊक हाय. म्हंजी… तुम्हाला न्हाय सांगत ते. तोच सांगंल."

आणि तो रस्त्याकडं बघत बसला. माझ्या येण्याची वाट बघत. मला पाठ करून.

सर म्हणाले, नाव, गाव, आणि सध्या कुठल्या पानावर आहात ते सांगा. एकेक जण सांगत गेला. माझी पाळी आली. जिभेवर दोन शब्द होते, एक वहीतला, एक घरातला. समोर दिग्विजयचा ओळखीचा आवाज नव्हता, फक्त त्याची पाठ होती, आणि मानेवर कडुलिंबाचं एक पिवळं पान पडलं होतं.

"मी शिवलीला," मी म्हणालो. "मुरूमची. घरात शिवा म्हणतात. पान एकसष्टवर हाय. शेवटचं पान आधी वाचतो."

कुणी हसलं नाही. सरांनी चष्मा काढून पुसला आणि "आपली शिवा होय," असं स्वतःशीच म्हणाले.

दिग्विजयची मान हळूहळू वळली. पान खाली पडलं. मग त्यानं फोन काढला. सतरंजीच्या त्या टोकाला. या टोकाला माझा फोन थरथरला.

दिग्विजय: तू?

मी: व्हय.

दिग्विजय: भाव

एवढंच. 'भावा'चा काना राहिला. मग तेही त्यानं डिलीट केलं, आणि उठून नदीकडं चालू लागला.

*

नदीत पाणी कमी होतं, दगड उघडे पडले होते. तो एका दगडावर बसला होता. मी दुसऱ्यावर बसलो. मध्ये एक दगड रिकामा.

"समदं ऐकून घेतलंस माझं."

"व्हय."

"आणि वर म्हणतोस… म्हणतीस… असल्या पोरी पुस्तक नुसतं मांडीवर ठेवतात."

"मला तिचा राग आलता."

"कुणाचा?"

"तिचा. तुला आवडली म्हणून."

त्यानं एक बोट माझ्याकडं केलं, मग दुसरं उमरग्याच्या दिशेला, आणि दोन्हींकडं बघत राहिला. "म्हंजी तुला तुझाच…"

"मलाबी कळलं न्हाय. अजून कळायलं न्हाय."

त्याला हसू आलं. मग आपल्याला राग आलाय हे आठवून त्यानं ते गिळलं.

"मला राग आलाय," तो म्हणाला. "लई. पण राग आला की म्या शिवाला सांगतो. आता कुणाला सांगू?"

"सांग की," मी म्हणालो. "ऐकायलोय."

त्यानं एक खडा उचलून पाण्यात टाकला. मग खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"त्या दिवशी पानाच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव वाचून ठेवलंतं. परंड्याच्या वाचनालयात सापडलं. शेवटच्या पानाची झेरॉक्स हाय. झेरॉक्सवाल्याला म्हणालो, उलटं धर, मला दिसू देऊ नको." त्यानं कागद पुढं केला, पुन्हा मागं घेतला. "हे शिवापाशी द्यायचं हुतं. तिला द्यायला."

"दे मग."

"कुणाला देऊ?"

मी हात पुढं केला. त्यानं कागद ठेवला, पण सोडला नाही. त्याच्या बोटांना छापील कागदाचा आणि थोडासा खताचा वास होता.

"आवडतीस," तो कागदाकडं बघत म्हणाला. "आवडतोस. काय म्हणू?"

"आधी म्हण तरी. क्रियापद मागनं तपासू."

"मला जरा वेळ दे, शिवा. दोघांना एका जागी बसवायला पाऊण तास तरी लागंल."

"बस की. म्या कुठं जायलो."

"उघड की ते. तुला आधीच लागतंय ना."

मी कागदाची घडी आणखी एकदा घातली. "राहू दे. अजून एकसष्टवर हाय."

मधल्या दगडावर तो कधी सरकला, की मी सरकलो, ते मला आठवत नाही. आम्ही पाऊण तास बसलो. पुस्तकाशिवाय. आम्ही बसलो, आम्ही हसलो, आम्ही गप्प राहिलो. 'आम्ही' म्हटलं की मराठीत तो प्रश्नच उरत नाही, हे तिथं, तेरणेच्या काठी, पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

*

*पान:* ६१ ते ६१
*वेळ:* पाऊण तास.
*शंका:* आहेत. पण घाई नाही.

(पाठवली. गुरुलिंग सरांनी अंगठा दाखवला.)

*

संध्याकाळी वसतिगृहाच्या पायऱ्या चढत होतो तेव्हा फोन वाजला. दिग्विजय परंड्याच्या गाडीत होता. त्यानं पाठवलं, 'पोचलास का?' ते पुसलं. 'पोचलीस का?' तेही पुसलं. बराच वेळ नुसतं टाइप होत राहिलं.

मग आलं: 'पोचणं झालं का?'

मी पायरीवरच बसलो. मागून मैत्रिणी येत होत्या, दारात लाल शाईच्या मॅडम उभ्या होत्या.

लिहिलं: 'पोचलो.'