मान खाली घालायचं गाणं

नवनगरच्या बस स्टेशनात माझा बेस गिटार अडकला, आणि त्याच्या पाठोपाठ मीही अडकले.

हुबळी-धारवाडमध्ये धावणाऱ्या चिगरी बसमधून उतरलं की बाहेर पडायला एक फिरतं दार आहे. माणूस त्यातून बरोबर मावतो. पण पाठीवर स्वतःएवढीच उंच काळी पिशवी असलेली बाई मावत नाही, हे ते दार करणाऱ्याच्या डोक्यात आलेलं दिसत नव्हतं. जुलै महिना, बाहेर धारवाडी पाऊस – म्हणजे पडतोय म्हणावं तर दिसत नाही आणि नाही म्हणावं तर पाच मिनिटांत केसांतून पाणी ओघळतं. मागे रांग लागलेली. भाजीची पिशवी घेतलेल्या एक अक्का ओरडल्या, “आ सितार तगी यव्वा मदल!” आधी ती सितार बाजूला कर, बाई!

धारवाडात राहायचं तर हे सोसावंच लागतं. इथं तारा असलेली प्रत्येक वस्तू सितार.

इतक्यात मागून कोणीतरी माझी पिशवी अलगद वर उचलली, आणि मी सुटले.

“चार तारांचा की पाच?” त्यानं विचारलं.

मी थबकलेच. चार वर्षं मी बेस वाजवतेय. पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात हा उद्योग. आजवर लोकांनी काय काय विचारलं नाही! दोन तारा तुटल्यात काय? गाता पण का? माझे अप्पा तर प्रत्येक कार्यक्रमानंतर न चुकता विचारतात, “निवे, यात तू कुठली होतीस गं?” पण चार की पाच, हे पहिल्यांदाच.

“चार,” मी म्हटलं. “पाचवीची गरज पडली नाही अजून.”

“पडते वो. सगळ्यांना पडते एक दिवस,” तो म्हणाला, आणि मग का कोण जाणे, एकदम लाजला. “म्हणजे... तारेची म्हणतोय मी.”

“मीही तारेचंच म्हणत होते.”

त्याच्या हातात एक गोल पिशवी होती. भिजलेला शर्ट, कपाळावर चिकटलेले केस, आणि डोळे असे, की बघितलं की माणूस पुढचं वाक्य विसरतो. मी विसरले. आम्ही एकाच गल्लीत वळलो. एकाच फाटकापाशी थांबलो.

“मला इथंच जायचंय,” मी म्हटलं.

“मला पण.”

ते घर वादिराजचं. वादिराज म्हणजे आमच्या नव्या बँडचा गायक, गिटारवाला, संगीतकार आणि स्वतःच्या मते आत्माही. त्यानं त्याच दिवशी बेसवाली आणि ड्रमवाला दोघांनाही बोलावलं होतं, आणि एकाला दुसऱ्याबद्दल सांगितलं नव्हतं. ड्रमवाल्याचं नाव श्रीहरी. कलघटगीला घरचं खत-बियाण्यांचं दुकान. होळीला गावात जग्गलगी बडवून बडवून हात बसलेला. त्या भल्यामोठ्या चामड्याच्या वाद्यापुढे ड्रम म्हणजे खेळणं, असं तो म्हणायचा.

वरच्या खोलीत वादिराजनं आम्हाला पहिला नियम सांगितला.

“तुम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं. गाण्याकडे मी बघतो. त्याचा पाय आणि तुझं बोट एकाच वेळी पडलं पाहिजे, कळलं काय? नजर हलवायची नाही.”

सगळा घोळ इथून सुरू झाला.

दर रविवारी दोन-अडीच तास मी श्रीहरीच्या डोळ्यांत बघत होते. नियमच तसा! कडवं संपायच्या आधी त्याची डावी भुवई वर जायची – तयार? मी मान हलवायची – तयार. मग एखादी लांबलचक पल्लेदार थाप तो बरोब्बर समेवर आणून टाकायचा आणि हसायचा... आणि ते हसू मी घरी घेऊन जायची. ते समेवर संपत नसे, चांगलं दोन दिवस चालायचं. सोमवारी वर्गात घर्षण शिकवताना मी फळ्यावर भलतंच सूत्र लिहिलं. घरी आमटीत मीठ दोनदा पडलं. आईनं आमटी चाखली. फक्त म्हणाली, “ड्रमवाला जेवतो काय गं आमटी?”

पण तो माझ्याकडे बघतो ते मी म्हणून, की बेस म्हणून? दुसऱ्या कुठल्या धंद्यात हा प्रश्न पडत नाही. तिथं एखादा मुलगा दोन तास टक लावून बघत बसला तर निकाल लागलेलाच असतो. इथं त्याला ते काम म्हणून नेमून दिलेलं!

मी पुरावे शोधायला लागले. गोंधळ हा माझ्या पाचवीलाच पुजलेला, त्यात ही भर. एकदा त्यानं सगळ्यांसाठी गिरमिट, म्हणजे आमच्याकडची चुरमुऱ्यांची भेळ, आणलं. माझ्या पुडीत कच्चा कांदा नव्हता. मला आवडत नाही असं मी कधीतरी बोलले होते, ते यानं लक्षात ठेवलं! मी हवेत. तेवढ्यात त्यानं वादिराजला पुडी दिली, “अण्णा, तुमच्यात मिरची जास्त, शेव कमी.” मी धपकन खाली. मला तो अजून ‘तुम्ही’ म्हणायचा. ते कॉलेजातल्या मॅडमला मान देणं होतं, की चार हात लांब ठेवणं? देव जाणे.

एक गाणं मात्र असं होतं, ज्यात आम्हाला एकमेकांकडे बघायचं कारण नव्हतं. वादिराजनं आपल्या बायकोवर, सरितावर, एक संथ गाणं रचलं होतं. त्यात फक्त त्याचा आवाज आणि त्याची गिटार. ड्रम नाही, बेस नाही.

“या गाण्याला तुम्ही दोघांनी मान खाली घालायची,” वादिराजचा दुसरा नियम. “पब्लिकची नजर माझ्यावर पाहिजे. हलायचं नाही, बघायचं नाही.”

मी मास्तरांची मुलगी आणि स्वतः मास्तरीण. मान खाली म्हटलं की खाली. ते पूर्ण गाणं मी दर रविवारी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत काढायची. तेवढीच डोळ्यांना सुट्टी.

डिसेंबरात मात्र मला राहवेना. सराव संपल्यावर आम्ही दोघं स्टेशनाजवळच्या गाड्यावर मिरची-भजी खात उभे होतो. थंडी पडली होती, कढईतून वाफ येत होती.

“एक विचारू?” मी म्हटलं.

“विचारा की.”

“वाजवताना तुम्ही माझ्याकडे... इतकं का बघता?”

त्याचा घास तिथंच थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या; आता ती मिरची होती की मी, सांगता येत नाही.

“वादिराजअण्णानं सांगितलंय न्हवं?”

“तेवढंच?”

“तेवढंच म्हणजे...” त्यानं कागदाची घडी केली, उलगडली, परत केली. “लय सांभाळायची तर... तुम्हाला आवडत नसेल तर नाही बघत मी.”

“नाही, बघा की! सांगितलंय तर बघायलाच पाहिजे.”

मी इतकी चिडून का बोलले, ते माझं मलाही समजलं नाही. बसमध्ये बसल्यावर रडू आलं. मला श्रीहरी आवडत होता. नुसता आवडत नव्हता, रविवार उजाडला नाही तर आठवडाच झाला नाही असं वाटण्याइतका आवडत होता. पण हे तोंडानं बोलायचं आणि तो नाही म्हणाला तर? पुढच्या रविवारी त्याच डोळ्यांत बघून वाजवायचं कसं? दोघांतल्या एकाला बाहेर पडावं लागणार, आणि वादिराजचा पहिलावहिला मोठा कार्यक्रम जानेवारीत. बोलावं तर बँड जातो, न बोलावं तर माझा जीव जातो.

मग भित्री माणसं करतात तेच मी केलं. वादिराजला कळवलं, परीक्षेचे पेपर तपासायचेत, जानेवारीत जमणार नाही. तो अर्धा तास कन्नडमधून विव्हळला आणि कुठल्याशा ऑर्केस्ट्रातून उमेश नावाचा बेसवाला घेऊन आला.

श्रीहरीचा फोन आला. पहिल्यांदाच.

“पेपर... खरंच आहेत?”

“खरंच.”

मागे दुकानात कोणीतरी युरियाचा भाव विचारत होतं.

“बरं. ऐकायला तरी या.”

आणि मी गेले. जाऊ नये ते कळत होतं, तरी गेले. नवनगरातल्या एका लेआउटचं, म्हणजे वसाहतीचं, स्नेहसंमेलन, मैदानात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात भाकरी आणि एण्णगाईचा, म्हणजे भरल्या वांग्यांचा, घमघमाट. मी तिसऱ्या रांगेत स्वेटरमध्ये मान खुपसून बसले. माझ्या जागी, स्टेजच्या डाव्या बाजूला, उमेश उभा होता. चाळिशी उलटलेला, मिशा अशा की त्यावर लिंबू राहील, आणि हातात पाच तारांचा बेस. पडते गरज एक दिवस... आठवलंच मला.

पहिलं गाणं सुरू झालं. कडवं संपत आलं, आणि श्रीहरीनं उमेशकडे बघितलं. डावी भुवई वर. तयार? मिशांनी मान हलवली – तयार. मग ती पल्लेदार थाप, बरोब्बर समेवर. आणि श्रीहरी हसला. तसंच. अगदी तसंच!

मी एकदा त्या हसण्याकडे बघितलं, एकदा त्या मिशांकडे. सहा महिने जपून ठेवलेली ती नजर माझी नव्हतीच. ती बेसची होती, मग बेस कोणाच्याही गळ्यात असो. उत्तर मिळालं होतं. उत्तर मिळाल्यावर माणसाला मोकळं वाटतं म्हणतात. मी स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले.

शेजारच्या बाईंनी विचारलं, “याकरी, एनातु?” काय झालं म्हणून.

“धूळ,” मी म्हटलं आणि निघायला उठले.

तेवढ्यात वादिराजनं जाहीर केलं, “आता एक संथ गाणं. माझ्या सरितासाठी.” उमेश गळ्यात बेस तसाच ठेवून चहा प्यायला स्टेजमागे गेला. दिवे मंद झाले. एकच झोत वादिराजवर. सगळं मैदान त्याच्याकडे बघायला लागलं.

मी शेवटचं म्हणून श्रीहरीकडे बघितलं. या गाण्यात मी त्याला कधी बघितलंच नव्हतं. माझी मान खाली असायची ना!

त्याची नव्हती.

तो डावीकडे बघत होता. मी जिथं उभी राहते तिथं. तिथं आता कोणी नव्हतं, नुसता काळा स्पीकर आणि त्याचा लाल दिवा. ना भुवई वर, ना हसू. एखादं माणूस नेहमीच्या बसनं आलं नाही की स्टँडवर उभा असलेला जसा रस्त्याकडे बघतो, तसा बघत होता. मध्येच त्याच्या ध्यानात आलं असावं; त्यानं तोंडावरून हात फिरवला, खाली बघितलं... आणि थोड्या वेळानं परत वर, परत तिकडेच.

“कुंद्रिरी!” मागून आवाज आला. खाली बसा! मी बसले. निघायचं राहूनच गेलं.

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजमागे गेले. श्रीहरी ड्रमच्या पितळी थाळ्या त्या गोल पिशवीत भरत होता.

“छान झालं,” मी म्हटलं.

तो दचकला. “उमेशअण्णा चांगले वाजवतात. माझंच ध्यान नव्हतं.”

“त्यांच्याकडे तर मस्त बघत होतात.”

“बघावं लागतं वो.”

“आणि संथ गाण्यात? तेव्हा तिकडे कोण होतं?”

त्याचे हात थांबले. कानाच्या पाळ्या परत लाल. इथं मिरची नव्हती.

“तुम्ही बघितलंत?”

“मान वर करून. पहिल्यांदाच.”

“कोण नव्हतं,” तो हळूच म्हणाला. “तेच बघत होतो.”

मला हसावं की रडावं कळेना. तरी मी हट्टानं विचारलं, “हेही वादिराजनं सांगितलेलं?”

“वादिराजअण्णानं मान खाली घाला म्हणून सांगितलंय. जुलैपासून सांगतोय.” आता त्यानं सरळ माझ्याकडे बघितलं. “तू घालतेस. मी एकदाबी घातली नाही.”

तू! मॅडमला!

“मग त्या दिवशी गाड्यावर का नाही बोललास?”

“तू चिडून बेस घेऊन गेली असतीस तर?”

“गेलेच की.”

“तेच की! न बोलून बी गेलीस.”

“पेपर नव्हते,” मी कबूल करून टाकलं.

“ठाऊक आहे. माझ्या मावशीची पोरगी तुझ्याच कॉलेजात आहे. परीक्षा अजून व्हायचीय तुमची.”

मी तोंड झाकून घेतलं. मग हात काढला, कारण जे बोलायचं होतं ते बोटांच्या फटीतून बोलण्यासारखं नव्हतं.

“मला तू आवडतोस, श्रीहरी. लय-बिय सोडून. नुसता तू.”

तो हातातली थाळी खाली ठेवायला गेला आणि ती सुटली. सगळ्या मैदानानं वळून बघितलं एवढा आवाज झाला. उमेशच्या मिशांनीसुद्धा. श्रीहरी मात्र माझ्याकडेच बघत होता, आणि हसत होता, आणि या हसण्याच्या आधी कुठलंही कडवं संपलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी परत माझ्या जागेवर उभी राहिले. वादिराजला काहीच पत्ता नव्हता. बेसवाली परत आली म्हणून तो खूश, एवढंच. शेवटी त्यानं गिटारवर संथ गाण्याचे पहिले सूर धरले.

“मान खाली,” तो म्हणाला.

मी घातली नाही.

समोर डावी भुवई वर गेली – तयार? मी मान हलवली. वादिराज डोळे मिटून सरिताला आळवत होता, आणि आम्हा दोघांना वाजवायला काहीच नव्हतं.